जमिनीची ओल आणि शेजाऱ्याचा हक्क

२०२३ चा ऑगस्ट महिना आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला. मांजरा खोऱ्यातील आमच्या गावात ऐन फुलोऱ्यातल्या सोयाबीनने माना टाकल्या आणि एका सकाळी सारी जमात ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्कासाठी जमली. मी नमाज पढवली, चादर उलटी केली, हात पसरून दुआ केली. लोक रडले. मीही रडलो.

परतीच्या वाटेवर एक वृद्ध शेतकरी माझ्याबरोबर चालत होते. अर्धी वाट ते गप्प होते. मग म्हणाले, "मौलाना, पाऊस तर मागितला. पण पडला तरी आमचं रान आता ओल धरत नाही. त्याचं काय मागायचं असतं?"

मला उत्तर देता आले नाही. ‘अल्लाह रहम करेल’ एवढेच मी म्हणालो, आणि ते खरेही आहे. परंतु त्यांचा प्रश्न त्या वाक्याने मिटत नव्हता हे त्यांनाही कळले आणि मलाही. वाचक बंधू-भगिनींनो, तोच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो आहे, कारण तो केवळ शेतीचा नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तो तौबाचा प्रश्न आहे.

प्रथम ओल म्हणजे काय ते पाहू. पाऊस हा आकाशाचा व्यवहार आहे, ओल हा जमिनीचा. आपल्या काळ्या मातीला अल्लाहने एक विशेष गुण दिला आहे: ती पाणी शोषते, फुगते आणि महिनोन्महिने ते अंगात धरून ठेवते. आमच्या वडिलांच्या काळी खरिपात मोकळे ठेवलेल्या रानात पावसाळा सरतेवेळी शाळू पेरला जाई. त्यानंतर त्याला पाण्याची एकही पाळी मिळत नसे. मातीतली ओल आणि पहाटेचे दव यांवर ती ज्वारी कमरेइतकी, पुढे डोक्याइतकी होई आणि फाल्गुनात खळ्यावर येई. भाकरी देणारे हे पाणी कोणत्याही धरणात साठवलेले नव्हते, कोणी त्याची पट्टी भरली नव्हती, कोणाच्या मालकीच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. ते मातीच्या कणाकणांत होते.

ही ओल आता लवकर उडते. केवळ आमच्या गावातली नव्हे. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली देशाच्या बदलत्या हवामानाचा एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. १९५१ ते १९८० या तीन दशकांच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक झाले. दुसरीकडे मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. आणि दुष्काळाच्या छायेत येणारे क्षेत्र १९५१ पासून दर दशकाला १.३ टक्क्यांनी विस्तारत गेले.

हे आकडे मातीच्या बाजूने वाचले पाहिजेत. एकाच दिवशी कोसळलेला पाऊस जमिनीत मुरत नाही, तो माती घेऊन ओढ्याला जातो. मग वीस दिवस ऊन. हवा जितकी तापते तितकी ती अधिक बाष्प मागते, आणि ते बाष्प ती मातीतून व पिकाच्या पानांतून घेते. म्हणून पर्जन्यमापकात सरासरी गाठलेली असते आणि रानात मात्र भेगा पडलेल्या असतात. तहसील कार्यालयाच्या फळ्यावरचा पाऊस आणि मुळाशी असलेली ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वृद्ध शेतकऱ्याने अहवाल वाचलेला नव्हता. त्याने कुळव धरलेला होता.

यात आपल्या हातांचाही वाटा आहे. माती ओल धरते ती तिच्यात कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत असेल तर. गोठे रिकामे झाले, शेणखताची जागा पोत्यातल्या खताने घेतली, उसाचे पाचट शेतातच पेटवून दिले जाते, चार हात जमीन वाढावी म्हणून बांध कोरले जातात. आणि जेव्हा वरची ओल पुरेनाशी झाली तेव्हा आपण खालच्या पाण्याकडे वळलो. आधी विहीर, मग विहिरीत आडवे बोअर, मग उभे बोअर: दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे फूट. आज भारत हा जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. साऱ्या जगाच्या उपशापैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशाचा आहे. आपल्या पायाखाली तर गंगेच्या मैदानासारखा खोल गाळ नाही, काळा पाषाण आहे. त्याच्या फटींत आणि कुजलेल्या थरांत जे थोडे पाणी मावते तेवढेच.

आमच्या गावातले म्हातारे एक गोष्ट सांगतात. १९७२ च्या दुष्काळात खायला धान्य नव्हते, परंतु विहिरी थोड्या खोल केल्या की पाणी लागत होते. २०१६ साली रेशन दुकानात गहू-तांदूळ होता आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम होता. या दोन दुष्काळांत चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात आपण काय केले हाच खरा मसला आहे.

या मसल्यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले मिंबरवरून येते, म्हणजे कित्येकदा माझ्याच तोंडून: हे आपल्या गुनाहांचे फळ आहे. दुसरे चहाच्या टपरीवरून येते: हे श्रीमंत देशांच्या कारखान्यांचे आणि मोटारींच्या धुराचे फळ आहे. दोन्ही उत्तरांत सत्य आहे. तथापि मी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. पहिले उत्तर देताना आम्हा वक्त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा दुसऱ्याचे गुनाह असतात: तरुणांचे मोबाईल, लग्नातले बँड, कोणाचा तरी बुडवलेला जकात. दुसरे उत्तर देताना तर बोट सातासमुद्रापार जाते. दोन्ही उत्तरे देऊन झाल्यावर मनुष्य घरी जातो आणि मोटार चालू करतो.

इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते इस्तिस्काचे मूळ दुआ आणि इस्तिगफार हेच आहे, जमातीने नमाज सुन्नत आहे हे त्यांच्या दोन शिष्यांचे मत, ज्यावर आपला अमल आहे. हजरत नूह (अ.) यांनीही आपल्या कौमला पावसाआधी क्षमायाचनेकडेच बोलावले होते. आता क्षमायाचना कशी पूर्ण होते ते आपण मकतबच्या मुलांनाही शिकवतो. ते कृत्य सोडावे, त्याचा पश्चात्ताप व्हावा, पुन्हा न करण्याचा निश्चय असावा. आणि त्या कृत्यात कोणा बंद्याचा हक्क बुडाला असेल तर एक चौथी अट येते: तो हक्क त्याला परत करावा किंवा त्याच्याकडून माफ करवून घ्यावा. ईदगाहवर आम्ही साऱ्यांनी रडून पहिल्या तीन अटींच्या आसपास काही तरी केले असेल. चौथी आठवलीच नाही, कारण पाण्यात कोणाचा हक्क बुडतो हे आपल्या ध्यानीमनी नसते.

येथे मला माझ्या विद्यार्थिदशेतला एक धडा सांगितला पाहिजे. ‘हिदाया’ शिकताना ओसाड जमीन लागवडीस आणण्याच्या प्रकरणात विहिरीच्या ‘हरीम’चा विषय येतो. हरीम म्हणजे विहिरीभोवतीची राखीव हद्द. जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीची हद्द चाळीस हात. त्या हद्दीत दुसऱ्याला विहीर खणता येत नाही. पुढे मसला असा की, एखाद्याने त्या हद्दीबाहेर विहीर खणली आणि त्यामुळे पहिल्या विहिरीचे पाणी गेले, तर दुसऱ्यावर भरपाई नाही. कारण त्याने अतिक्रमण केलेले नाही. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मी पूर्ण गुण मिळवले होते.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या मशिदीच्या आवारात बोअर घेतले गेले. रमजान तोंडावर होता, टँकर अनियमित होता. कमिटीने वर्गणी केली, मी मिंबरवरून आवाहन केले, आणि सव्वाचारशे फुटांवर पाणी लागले तेव्हा लोकांनी तकबीर म्हटली. आवाराच्या भिंतीपलीकडे, मोजले तर सत्तर-ऐंशी हातांवर, एका शेजाऱ्याची जुनी दगडी विहीर आहे. सारे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या आजोबांनी ती बांधलेली. मशिदीचा नळ येण्यापूर्वी कित्येक वर्षे वुजूचे पाणी त्याच विहिरीतून भरले जात असे, आणि त्यासाठी त्यांच्या घराने कधी एक पैसा घेतला नाही. आमचे बोअर सुरू झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी ती विहीर होळीलाच तळाला गेली. त्याच्या पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर. आबा तक्रार घेऊन आले नाहीत. त्यांनी विहिरीकाठची भाजी लावणे बंद केले, दोन म्हशी विकल्या, आणि रस्त्यात भेटले की पूर्वीप्रमाणेच नमस्कार करीत राहिले.

मी ‘हिदाया’तला मसला मनाशी घोळवत राहिलो. चाळीस हातांच्या बाहेर. अतिक्रमण नाही. भरपाई नाही. देशाचा कायदाही फार निराळे बोलत नव्हता: १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाला मानलेला आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती व उद्योगासाठी साठ मीटरहून खोल विहिरींना मनाई केली आहे, परंतु गावात ती ठाऊक किती जणांना आहे, आणि आमचे पाणी तर वुजूचे. सर्व बाजूंनी आम्ही निर्दोष होतो.

परंतु फिकहमध्ये एक भेद आहे, जो आपण सोयीस्करपणे विसरतो. एक असते ‘कजा’, म्हणजे काझीपुढचा निकाल. दुसरी असते ‘दियानत’, म्हणजे बंदा आणि अल्लाह यांच्यातला हिशोब. काझी माझ्याकडून भरपाई घेणार नाही, याचा अर्थ अल्लाह मला विचारणार नाही असा होत नाही. आणि त्या मसल्याचे कारण पाहा: अतिक्रमण नाही. ज्या काळी हा मसला लिहिला गेला त्या काळी मोट ओढणाऱ्या बैलाला संध्याकाळी सोडावे लागे. विहिरीला रात्रीची विश्रांती मिळे, आणि झिरपून येईल त्याहून अधिक घेणे बहुधा मनुष्याच्या शक्तीत नव्हते. चाळीस हात हे त्या शक्तीचे माप होते. पाणबुडी मोटारीला थकवा नाही. ती सव्वाचारशे फुटांवरून ओढते तेव्हा तिचा हरीम चाळीस हात कसा राहील? इमाम मालिक (रह.) यांच्या मताने तर विहिरीच्या हद्दीला ठरलेले मोजमापच नाही, जमीन कठीण आहे की भुसभुशीत, दुसऱ्याला नुकसान पोहोचते की नाही, यावरून हद्द ठरते. मी मुफ्ती नाही आणि येथे फतवा देत नाही. हनफी मसलक सोडा असेही सांगत नाही. एवढेच म्हणतो की, नुकसान देऊ नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसान करू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण चाळीस हातांवर संपत नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळणे योग्य नाही. कोणीही विचारील: मौलाना, गावात तीनशे बोअर आहेत. मशिदीचे एक बंद केले तर आबांची विहीर भरेल का? मी पाणी सोडले तर शेजारचा उपसून ऊस लावील. राज्याच्या पिकाखालील जमिनीपैकी पाच टक्क्यांच्या आसपास ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक तो पितो; मग वुजूच्या तांब्याचा हिशोब कशाला? होय, हिशोबाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. माझा वाटा इतका लहान आहे की तो काढून घेतला तरी काही दिसणार नाही. प्रत्येकाचा वाटा तसाच आहे, आणि सर्वांचे वाटे मिळून विहीर कोरडी आहे. या पेचावर मी पुष्कळ विचार केला आणि मला सहीह बुखारीतले जहाजाचे उदाहरण आठवले. ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे, पण बहुधा अश्लीलता आणि व्यसन रोखण्याच्या बयानात. वरच्या मजल्यावर काही लोक, खालच्या मजल्यावर काही. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागते, वरच्यांना त्याचा त्रास होतो. मग खालचे म्हणतात, आपल्याच वाट्याच्या जागेत एक भोक पाडू.

वाचकहो, ते भोक पाण्यासाठीच होते. आणि आपल्याच हद्दीत होते.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. भोक पाडू पाहणारे दुष्ट नाहीत, तहानलेले आहेत. वर जाण्याची वाट त्यांना अवघड झाली आहे. दोन एकरांचा शेतकरी सावकाराचे कर्ज काढून तिसरे बोअर घेतो, ते कोरडे जाते, चौथे घेतो. त्याला आधी हराम-हलाल सांगायला जाणे हा जुलूम होईल. ज्याच्याकडे सोडण्याची ऐपत आहे त्याने आधी सोडावे. मशिदीकडे ती होती. आमच्याजवळ शेत नव्हते, कर्ज नव्हते, उपाशी मूल नव्हते. आमच्याजवळ बारा नळांची एक रांग होती, आणि प्रत्येक नळ वुजू पूर्ण होईपर्यंत सोडलेला असे.

प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, म्हणजे आजच्या मापाने एक लिटरच्या आतबाहेर. आमच्या नळांवर एका वुजूला किती लागते ते मी एकदा बादली ठेवून मोजले. सात लिटर भरले, आणि तो नमाजी घाईत होता. वाहत्या नदीवरही वुजूत उधळपट्टी करू नये ही रिवायत प्रसिद्ध आहे. तिच्या सनदेवर मुहद्दिसांनी कलाम केला आहे हे मला ठाऊक आहे. परंतु फुकहांनी वक्फच्या पाण्याबद्दल जे लिहिले आहे त्यात संदिग्धता नाही: ते पाणी उधळणे मकरूह नव्हे, हराम आहे. उदाहरण म्हणून त्यांनी मदरशांचेच पाणी घेतले आहे.

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर आणली तिचे उसासे आजही पाहायला मिळतात. टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीत झिरपलेले पाणी ती उताराने शहरात आणत असे. मला त्या नहरीतला एक गुण विशेष वाटतो: जेवढे झिरपेल तेवढेच ती देऊ शकते. तिला लोभ करताच येत नाही. आपल्या यंत्रांना तो लगाम नाही, म्हणून तो आपल्या नियतीत असावा लागतो.

गेल्या वर्षी कमिटीपुढे मी हा विषय मांडला. वाद झाला. एक ज्येष्ठ सदस्य रागावून म्हणाले की, अल्लाहच्या घराचे पाणी बंद करायला निघालेला हा पहिला इमाम. मी त्यांना आबांच्या विहिरीवर घेऊन गेलो. ते बराच वेळ आत वाकून पाहत होते. लहानपणी याच विहिरीवर ते पोहायला शिकले होते. त्यानंतर ते विरोधात बोलले नाहीत, बाजूनेही बोलले नाहीत. शेवटी ठरले ते असे: मोटार दिवसातून एकदाच, टाकी भरेपर्यंत. नळांची संख्या बारावरून पाच, उरलेल्या जागी मापाचे लोटे. वुजूचे आणि छताचे सारे पाणी भिंतीलगत खणलेल्या शोषखड्ड्यात, आबांच्या विहिरीच्या अंगाला. ऐन जुम्याला गर्दी होते आणि काही लोक कुरकुरतात. मुले लोट्यांवरून भांडतात.

मग चौथी अट उरली. मी आबांच्या ओसरीवर गेलो आणि जे होते ते सांगितले: आमच्या बोअरमुळे तुमच्या विहिरीला नुकसान झाले असावे असे मला वाटते, मी त्यासाठी मिंबरवरून पैसे मागितले होते, मला माफ करा. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. पावसाबद्दल बोलले, नातवाच्या नोकरीबद्दल बोलले. निघताना म्हणाले, "मौलाना, तुम्ही आलात, बरं केलंत. बाकी पुढच्या उन्हाळ्यात बघू."

ते माफ केले असे म्हणाले नाहीत, आणि मी पुन्हा विचारले नाही. दर जुम्याला नमाजनंतर मी त्यांच्या विहिरीवर जातो. कठड्यापासून दोरी सोडून पाण्याची पातळी मोजतो आणि मशिदीच्या वहीत लिहून ठेवतो. जानेवारीत पाणी कठड्यापासून एकवीस हातांवर होते. आज, हे लिहीत असताना, सव्वीस हातांवर आहे, आणि होळीला अजून दहा दिवस आहेत.